सुखरामजींच्या नावापुढची तारीख

भंडारा,
२ डिसेंबर २०२५

चि. सौ. फुलास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो आणि मीही. रोज सकाळी फोन असतो तरी ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू पहिल्याच वाक्याला "जेवली काय?" विचारतेस आणि मग माझं सांगायचं राहून जातं. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

नवे तांदूळ पोचले. अर्धे आमच्या संस्थेच्या सचिवाला, संघपालला दिले. तुमच्याकडच्या उरलेल्या धानाची मळणी झाली का? सुखरामजींना म्हणावं, पाठ दुखत असताना पोती उचलू नका, ऐकणार नाहीत तरी सांग.

आता बातमी. हसू नकोस. सिकलसेल संशोधन संस्थेच्या विश्वस्तांनी मला अध्यक्ष करायचं ठरवलं आहे. जिथं मी काचेच्या नळ्या धुवायला लागले, तिथं! संस्था काढणारे डॉक्टरसाहेब वारल्यापासून खुर्ची रिकामीच होती. नागपूरच्या एका प्राध्यापकांचं नाव पुढे आलं, पण ते म्हणाले महिन्यातून एकदा येईन. तेव्हा आंबागडच्या विमलाबाई उठल्या. त्यांची दोन्ही लेकरं आमची पेशंट, म्हणून त्या मंडळावर आहेत. म्हणाल्या, "ज्या बाईनं आमच्या पोरायचं रक्त काढलं, तिलेच बसवा. मोठ्या डॉक्टरले आमच्या गावचा रस्ताच दाखवा लागते." सगळ्यांचे हात वर. प्राध्यापकांचाही.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा गार करत बसले.

काम मोठं आहे, फुला. येत्या वर्षी नव्या औषधाचा अभ्यास सुरू होईल. आंबागडपासून तुमच्या एकोडीपर्यंत तीनशे घरांच्या सह्या घ्यायच्या आहेत. कागद इंग्रजी असो की मराठी, लोक कागद वाचून सही करत नाहीत, माझ्या तोंडाकडे पाहून करतात. मला तेच जड जातंय.

आणि संस्थेचा एक नियम आहे, तो तुला ठाऊक नसेल. अध्यक्षानं खुर्चीत बसण्याआधी आपल्या घरची वंशावळ कार्यालयाच्या भिंतीवर लावायची. कोणाचं रक्त कोणत्या तारखेला तपासलं, कार्ड कोणतं निघालं, निरोगी पांढरं, वाहकाचं पिवळं की आजाराचं लाल, सगळं. डॉक्टरसाहेबांनीच हा नियम केला. म्हणायचे, लोकांच्या घरचं विचारतो, तर आधी आपल्या घरचं सांगा. त्यांची वंशावळ अजून तिथं आहे, त्यात त्यांच्या वारलेल्या मुलीचं लाल वर्तुळ आहे. गावातल्या बाया ते बघतात आणि मग पदर खोचून हात पुढे करतात.

माझी वंशावळ रविवारी, १४ तारखेच्या सभेत लागायची आहे. तीन दिवस पेन्सिल घेऊन बसले आहे. बाबांचं, आईचं, माझं, तुझं काढलं. सुखरामजींच्या नावापाशी हात थांबतो.

परवा तू फोनवर म्हणालीस, "प्रितमसाठी डिंपल नावाची पोट्टी पाहिली, तिचं रक्त तूच तपास ताई. मले दुसऱ्याच्या रिपोर्टवर भरोसा नाई." मी "बरं" म्हटलं आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं.

आता लिहिते. मधे थांबले तर परत लिहिणार नाही.

तुला आठवतं, तुझी दोन स्थळं कार्डामुळे मोडली. ते पिवळं कार्ड मीच घरात आणलं होतं. नोकरी नवी, हौस दांडगी, सगळ्या घराचं रक्त तपासून मोकळी झाले. तुला स्वतःला कधी काही त्रास नव्हता, पण लोकांना पिवळं म्हणजे रोगच वाटायचा. बाबा मला म्हणाले, "गावाले शिकवाले गेली आन् आपल्याच पोरीचं लगन मोडून बसली." ते वाक्य त्यांनी नंतर कधी परत उच्चारलं नाही. मला ते रोज ऐकू यायचं.

मग सुखरामजींचं स्थळ आलं. भली माणसं. साक्षगंधाच्या दिवशी स्वतःच बाही वर करून म्हणाले, घ्या रक्त. तू दाराआडून बघत होतीस, हिरव्या साडीत. रिपोर्ट मीच काढला. सगळ्यांना सांगितलं, पांढरं आहे.

ते पिवळं होतं, फुला.

मशीन चुकलं नव्हतं, औषध शिळं नव्हतं. रजिस्टरात मी खरं लिहिलं, ११ एप्रिल १९९९, आणि घरी येऊन तोंडानं खोटं बोलले. दोन पिवळी एकत्र आली तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता लाल कार्डाची, हे मी गावोगाव तक्ता लावून सांगत होते. घरी मी म्हटलं, चारात एक म्हणजे तीन वाटा सुखरूप. लग्नाला एकोणीस दिवस होते. तिसऱ्यांदा तुझं लग्न माझ्या हातानं मोडायची माझी छाती झाली नाही. तुझ्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आले. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं बाबांच्या त्या वाक्याला भिऊन केलं.

प्रितम तीन वर्षांचा झाला, हातपाय सुजले, लाल कार्ड निघालं. सुखरामजींचं रक्त परत तपासलं तेव्हा मी म्हटलं, आधीची तपासणी चुकली असेल, मशीन खराब असेल. डॉक्टरसाहेब स्वतः तुझ्या अंगणात आले. खाट टाकली तरी बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "माय, आमच्या संस्थेकडून चूक झाली." तू त्यांना चहा दिलास. मी मागे त्यांची पिशवी धरून उभी होते. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी पिशवीचा बंद या हातातून त्या हातात घेतला.

यंदा त्यांचं कपाट आवरताना ते जुनं रजिस्टर सापडलं. नेमक्या त्या पानात त्यांची कागदाची खूण होती. कधी बघितलं असेल, देव जाणे. मला एका शब्दानं विचारलं नाही. वाट पाहत असावेत.

भिंतीवर नाव लावायला त्या माणसाची परवानगी लागते, हाही आमचाच नियम. सोबत कागद आहे. तुझी, सुखरामजींची आणि प्रितमची सही हवी. तुम्ही सह्या दिल्यात तर तारीख खरी, लग्नाआधीची लिहीन. नाही दिल्यात तर खुर्ची सोडेन, आणि का सोडली ते मंडळाला खरं सांगेन. एवढंच वाटलं, की तुला हे भिंतीवरून कळू नये.

पोराचं दुखणं तू काढलंस. थंडीत त्याचे पाय मांडीवर घेऊन बसलेली तू मला दिसतेस. मी शेजारी बसून पाणी पाजत होते आणि मनात म्हणत होते, आज सांगू, बरा झाला की सांगू. तो बरा झाला की तू इतकी हसायचीस, की ते हसू मोडवत नव्हतं.

माफ कर म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते. माफ कर.

तुझी,
आनंदा
(ताई लिहायचं होतं. ते तू ठरव.)


एकोडी,
१० डिसेंबर २०२५

ताईले फुलाचा नमस्कार.

मी सांगून राहिली, प्रितम लिहून राहिला. माह्यानं लिहिनं होत नाई. तुहं पत्र त्यानंच वाचून दाखवलं, ओसरीवर, मोठ्यानं. मले वाटलं तांदळाचं काही असन.

सात दिवस तुहा फोन उचलला नाई. मुद्दाम नाई उचलला. वाजू देल्ला.

राग कायचा आला सांगू? लगन जुडवलं त्याचा नाई. पोट्टा दवाखान्यात तडफडे, मी म्हणो ताई असं कसं झालं, आन् तू माह्या बाजूले बसून म्हने, मशीन खराब होती. एकवीस वर्स मी त्या मशीनले शिव्या देल्या. देवाच्या मानसानं माह्या आंगनात हात जोडले, मी त्याले बिनसाखरेचा चहा देल्ला, रागानं. आता त्याले कुठून साखर देऊ?

यायले, प्रितमच्या बापाले, सांगतलं.  हे म्हने, "मले इचारलं असतं तरी मी फुलालेच केली असती. पन इचारा लागत होतं." बस. बैलाले पानी पाजाले गेले.

(मावशी, मी प्रितम. आई थांबली आहे, म्हणून माझं लिहितो. मला दोन दिवस तुझ्याशी बोलावंसं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी आठवलं, औषधाच्या गोळ्या तू कधीच एसटीनं पाठवल्या नाहीस, स्वतः घेऊन आलीस, दर महिन्याला. ते कशासाठी होतं ते आता कळलं. तरी मला गोळ्या घेऊन येणारी मावशीच आठवते. आई विचारते आहे काय लिहितोस. पुढे तिचं.)

सह्या तिन्ही केल्या. माही वाकडी आली, तशीच लाव. तारीख ठळक लिही, मले चष्म्याशिवाय दिसली पाहिजे. रविवारी पहिल्या एसटीनं आमी येतो. तू खुर्चीत बसशीन तवा मी समोर बसन. टाळ्या नाई वाजवनार, सांगून ठेवतो.

डिंपलचं रक्त तूच काढ. दुसऱ्या कोनाकडं मी जात नाई. पन रिपोर्ट माह्या हातात देऊ नको, तिच्या मायबापाच्याही नको. पोट्टीच्या आन् प्रितमच्या हातात दे, दोघायले संग बसवून. पांढरं निघो का पिवळं, त्यायचं ते ठरवतीन.

राग आहे अजून. मनभर आहे. घेऊनच येतो.

सात दिवस इचारलं नाई म्हनून इचारून राहिली. ताई, जेवली काय?

तुहीच,
फुला