ब्राह्मीचा घास आणि फ्रिजवरचे नियम

३ मे २०२५, विश्रामबाग
महावीर लेकीला माझ्याकडे सोडून कोयनानगरला परत गेला. ब्राह्मी पाच वर्षांची. एका चपातीला तासभर, प्रत्येक घासामागे पाणी. सूनबाई फोनवर म्हणाली, आई, घाई करू नका, घास अडकतो म्हणते. अडकत वगैरे काही नाही. लाड. एकतीस वर्षं शाळेत पोरांचे डबे संपवून घेतलेत. आठ दिवसांत सरळ करते.

४ मे
नियम लिहून फ्रिजवर लावले. जेवताना पाणी नाही. सूर्यास्ताआधी ताट रिकामं. आपल्या जैन घरात दिवस मावळल्यावर कोणी खात नाही.

५ मे, सायं. ६.५५
तीन घास गालातच. सूर्य गेला, ताट उचललं. रडली नाही. प्रगती.

७ मे
जेवणातून उठून न्हाणीतल्या नळाचं पाणी प्यायली. तेही न गाळलेलं. न्हाणीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला; दर वेळी उघडून द्यायला मीच हवी, त्यामुळे मीही घरात अडकले. आता आठवडाभर मंदिर नाही, वाचनालय नाही.

८ मे
भांड्यांना येणारी शेवंताक्का म्हणाली, आवं बाई, पोरीच्या नरड्यात कायतरी हाय. पेज लय झ्याक पिती, चपातीच जात न्हाई. म्हटलं, तू भांडी बघ. पेज आवडते म्हणून जाते.

१० मे
वजन एक किलो कमी. काटा जुना आहे.

११ मे, दुपारी १
यश. अख्खी चपाती, पाण्याशिवाय, वीस मिनिटांत. महावीरला कळवलं. तो म्हणाला, तिला फोन दे. ती बोलेना. दमली असेल.

दुपारी ४
लाळसुद्धा गिळता येत नाही. रिक्षा बोलावली.

१२ मे, मिरज
दुर्बिणीने घास काढला. अन्ननलिका जन्मापासून एका जागी अरुंद. फुग्याने थोडी थोडी रुंद करणार. पातळ उतरतं, घट्ट अडकतं. पोर पाण्याने घास ढकलत होती. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही? म्हटलं, शेवंताक्काच्या आलं होतं.

१४ मे, सायं. ७.२०
घरी आलो. नियम फाडले. मुगाचं कढण भरवायला गेले तर तोंड मिटून बसली. आजी, सूर्य गेला, म्हणाली. तुला चालतं, म्हटलं. दोन चमचे घेतले. मग ग्लासाकडे बघून, पाणी पिऊ? पी, म्हटलं. पुढच्या घोटाआधी पुन्हा विचारलं.
आठ दिवसांत शिस्त लावीन म्हटलं होतं. लागली. जायला किती दिवस लागतात, ते डॉक्टरांना विचारायचं राहिलं.