उतारावर उभं घर

६ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा सरकलं घर! मी पोळ्या करत होते आणि पोळपाटावरचं बेलणं आपोआप दाराकडे निघालं. बाहेर येऊन पाहते तर चाकाखालच्या विटेचा चुरा झालेला. हेमराजला दाखवलं. म्हणाला, जरासं तं सरकलं, काय होते.

जरासंच. पण मागे नाला आहे.

चाकांवरचं घर! उन्हाळ्यात नागपूरहून आणलं. दोन चाकं, पुढे एक हुक, आत पलंग, बेसिन, पडदे. बोलेरोला जोडून ओढायचं. बैहरच्या पुढे हे टेकाड भाड्यानं घेतलं — वाघ पाहायला येणारे लोक यात राहतील म्हणे. लोक आले की मी आणि हेमराजच्या आई, माझ्या सासूबाई, टिनाच्या शेडमध्ये. लोक गेले की परत आत. आमच्या कटंगीच्या घराला कुलूप.

९ ऑक्टोबर, बुधवार

बैहरला गेलो. किती दिवसांनी माणसं पाहिली! चैतरामच्या टायरच्या दुकानात चाकाखाली लावायचे गुटके पाहिले. हेमराजला पिवळे प्लास्टिकचे आवडले, फोटोत चांगले दिसतील म्हणून. मी एक मुरमावर ठेवून पायानं ढकलला. सरकन पुढे गेला. साल झाडाच्या लाकडाचे वजनदार होते, पण आपल्याकडे पहाटे दव पडतं, ओलं लाकूड निसटेल. शेवटी रबराचे घेतले. जड, खालून दातेरी. चैतराम म्हणाला, गुटका चाकाच्या पाव उंचीचा तरी पाहिजे, नाहीतर चाक वर चढून जाते.

लावायची रीत पण कळली. बोलेरो जोडलेली असतानाच दोन्ही चाकांच्या उताराकडच्या बाजूला गुटके घट्ट भिडवायचे. मग गाडी हळूच सैल सोडायची, भार गुटक्यांवर बसू द्यायचा. हुक सगळ्यात शेवटी.

हेमराज हसला. "आता हे डिपार्टमेंट तुह्यं," म्हणाला.

आईंना सांगितलं गुटके आणले. त्यांना वाटलं खायचा गुटखा. रागावल्या!

१२ ऑक्टोबर

दसरा. सोनं आईंना दिलं, हेमराजला दिलं. संपली माणसं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

टेकाडाच्या माथ्यावर जाऊन फोन लावला, खाली रेंज नाही. तुमसरच्या लॅबमधल्या मॅडम बोलल्या. दिवाळीपर्यंत जागा ठेवते म्हणाल्या, मग दुसरी मुलगी घेईन. लग्नानंतरही मी कटंगीहून रोज बसनं जायचे. रक्ताचे नमुने, स्लाइड, मायक्रोस्कोप. दुपारचा डबा सगळ्या मिळून. हे सगळं आठवायला नको होतं.

हेमराजला सांगितलं. तो रागावत नाही, हीच तर पंचाईत आहे. जवळ बसला, समजावलं. आईचे गुडघे असे, तिले एकटीले कटंगीत कसं ठेवू? तिलेच इथं तुह्यासंगं राहायचं आहे. तू गेली तर तिच्याकडे कोण पाहीन?

आई पलीकडे पडद्यामागे पडून होत्या. झोप लागली असेल. जाग्या असल्या तरी त्या कधीच बोलत नाहीत.

१९ ऑक्टोबर

पाहुणे होते. शेडमध्ये झोपलो. आई रात्रभर खोकल्या. मी पण जागीच.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

काल लिहिता आलं नाही. हे कालचं.

येणाऱ्या पाहुण्यांना खिडकीतून नाला दिसायला पाहिजे होता. हेमराजनं घर खालच्या कडेला न्यायचं ठरवलं. मी म्हटलं तिथं उतार जास्त आहे. म्हणाला, गुटके आहेत ना. आईंना उतरायला त्रास होतो म्हणून त्या आतच राहिल्या. त्यांच्यासोबत मी. गुटके बोलेरोत होते. थांबल्यावर मी खिडकीतून ओरडून सांगितलं — मी खाली येते, गुटके लावते, मग हुक काढा. तो हौ म्हणाला.

मी दाराकडे वळले आणि हुक सुटल्याचा आवाज आला.

जमीन पायाखालून मागे जायला लागली. भांडी पडली. मी आईंवर पडले, त्यांनी मला घट्ट धरलं. मग मोठा धक्का! मोहाच्या झाडाला घर एका बाजूनं अडकलं होतं. दार बाहेर उघडतं, आणि दाराला नेमकं झाड. खिडक्यांना गज, माकडं येतात म्हणून त्यानंच बसवलेले. मागच्या खिडकीतून खाली नुसता नाला दिसत होता.

हेमराज धावत आला. दोर आणला आणि बांधायला लागला, लगेच ओढून काढतो म्हणे. मी ओरडले, आधी गुटके लावा. झाडावरून सुटलं आणि दोर तुटला तर सरळ नाल्यात जाऊ. त्याला ऐकूच जात नव्हतं. वेळ नाही, वेळ नाही, एवढंच.

तेव्हा आई बोलल्या. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"हेमराज! नूतन सांगते तसं कर."

तो थांबला. मी खिडकीतून सांगत गेले, तो लावत गेला. नाल्याकडच्या बाजूला. दोन्ही चाकांना. फट नको, लाथ मारून बसवा. घाईत एक गुटका त्याच्या हातून दोनदा सुटला. नुसत्या दोराचा भरवसा नव्हता. तो चैतरामला आणि साखळी आणायला बैहरला गेला.

आम्ही दोघी आत खाली बसलो. हलायची भीती. मग आई म्हणाल्या, "मी तुह्यासाठी इथं आली, बाई. मले कटंगीतच बरं होतं."

मला कळेना. माझ्यासाठी?

"हेमराज म्हणे, नूतनले जंगल लय आवडते. आई, तू नाही आली तर तिले एकटीले राहावं लागीन."

मी त्यांना सांगितलं तो मला काय म्हणाला होता ते. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात, पण हसत होत्या! मीही हसले. मग दोघीही रडलो. चार महिने एका पडद्याच्या दोन बाजूंना झोपलो आणि एकमेकींना विचारलं नाही.

चैतराम साखळी आणि दोन माणसं घेऊन आला. आधी गुटके पाहिले, मग साखळी ताणली, मग इंच इंच ओढलं. दार उघडलं तेव्हा ऊन उतरलं होतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

हेमराज परवा आईंच्या पायावर डोकं ठेवून रडला. खोटं नव्हतं ते. आज बैहरहून आणखी चार गुटके आणि चाकांना बांधायची साखळी घेऊन आला. चाकांच्या दोन्ही बाजूंना लावून दाखवलं, हात झटकले.

"आता तुमाले काही भेव नाही," म्हणाला.

मी विचारलं, इथं राहायचं आईंना होतं की मला? म्हणाला, दोघींनाही इथं आवडीन असंच वाटत होतं मले. मी लॅबचं काढलं. सीझन होऊ दे म्हणाला. सीझन पावसाळ्यापर्यंत असतो.

आई लसूण सोलत होत्या. सोलत राहिल्या.

२९ ऑक्टोबर

आईंनी आज विचारलं, कटंगीला जायला बैहरहून बालाघाटची पहिली बस कितीला.

४ नोव्हेंबर, सोमवार

कटंगी. घर झाडलं, दिवाळीचे दिवे उशिरानं लावले. उद्या तुमसरची बस; मॅडमनी जागा अजून ठेवली आहे. रात्री हेमराजचा फोन आला. मी उचलायच्या आधी आईंनी घेतला. खूप वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जेवाले ये, बाबू. आमाले न्याले येऊ नोको."