कॅलेंडरवरची तुझी जागा

आई, गेल्या महिन्यात तुझी नात, माझी पोरगी, मला हैदराबादला घेऊन गेली. तिथं जुनी कागदपत्रं सांभाळणारं एक दफ्तर आहे, ती तिथं अभ्यासाला बसते. तिनं मला एका इंग्रज बाईची रोजनिशी दाखवली. आपल्याकडं रेल्वे यायच्या आधी जमिनीच्या मोजणीला आलेल्या साहेबाची ही बायको, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, पूर्णेच्या काठी तंबूत राहिलेली. जुनी शिवण उसवू नये म्हणून वहीखाली मऊ उशी ठेवली होती. पोरगी हळू आवाजात मराठीत सांगत गेली. दूध नासलं. साहेब कामावर गेले. रात्री झोप नाही. पुढच्या पानावर पुन्हा, झोप नाही. मला तुझं कॅलेंडर आठवलं.

सेलूच्या स्वयंपाकघरात दाराआड खिळ्याला ते टांगलेलं, शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. भांडी झाली की तू पदराला हात पुसतेस आणि त्या दिवसाच्या चौकोनात काहीतरी लिहितेस. दूध आलं नाही. सिलिंडर लावलं. एकदा मी तिथं माझे गणिताचे मार्क लिहिले. तू रागावली नाहीस. खोडरबर हातात दिलंस आणि म्हणालीस, "तिथं लिहू नको बाई. ती जागा माझी हाय." त्या घरात तू आणखी कशाला माझं म्हटल्याचं मला आठवत नाही. वर्ष सरलं की तूच ती पानं उतरवून फळ्यांवर डब्यांखाली अंथरायचीस, लिहिलेली बाजू खाली.

मी हैदराबादहून परतले आणि दिवाळीआधी वहिनींनी तुझ्या माघारी ते स्वयंपाकघर नवं करायला काढलं. पानं तेलानं फळीला चिकटली होती, पाण्याचा हात लावून सोडवत बसले. वहिनी म्हणाल्या, "ताई, रद्दीपायी कशाला डोळे फोडून घ्यायलाव?" पोरीला फोनवर सांगितलं तर ती हरखली. दफ्तरात देऊ म्हणाली, बायकांचं असं लिहिलेलं कुठं मिळतं. तिचं चुकत नाही. कुणीतरी ठेवली म्हणूनच त्या बाईची वही मला दिसली. पण तिच्या जागरणाची पानं आम्ही दोघी परक्या बसून वाचत होतो, तेही मनातून जात नाही. मी पोरीला नाही म्हणाले. ती पुन्हा विचारेल. समजावून सांगायचं आता अंगात त्राण नाही.

पानं माझ्या कपाटात आहेत, तुझ्या जुन्या लुगड्याच्या घडीत. हे पत्रही तिथंच ठेवीन. सगळी वाचली मी. दूध, सिलिंडर, नळाचं पाणी, पाहुणे. स्वतःबद्दल तू एकाच चौकोनात लिहिलंयस, 'झोप झाली.' महिन्याचं नाव फाटलंय, कधीची ते कळत नाही.

काल भांडी आवरल्यावर मी माझ्या कॅलेंडरवर तेच दोन शब्द लिहिले. झोप झाली नव्हती.