माठाखालची रेती

सर,

परवा नात ओट्यावर तिचं कॉलेजचं पुस्तक वाचत बसली होती. मागच्या पानावर बारीक अक्षरात नावांची रांग, त्यात तुमचं आडनाव निघालं. म्हणाली, "आजी, हे तुझेच सर ना? यांच्या लेखाचा दाखला अजून देतात. जितके जास्त लोक दाखला देतील, तितका माणूस मोठा." मी मेथी निवडत राहिले. तुमची राख होऊन इतकी वर्षं झाली आणि तुम्ही अजून मोठे होताय. कुणाच्या जिवावर, ते सांगायला लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, चालवून घ्या. मी तुमचं पुष्कळ चालवून घेतलं.

जळगावच्या कॉलेजात मी बाटल्या धुवायला लागले तेव्हा तुम्ही कांद्याच्या मुळांमागे लागला होता. बाटलीच्या तोंडावर कांदा, खाली पाणी, पाण्यात पांढरी मुळं. मुळाचं टोक कापायचं, काचेवर चिरडायचं आणि एका पेशीच्या दोन कशा होतात ते मायक्रोस्कोपमधून मोजायचं. पण पुस्तक थंड मुलखातलं आणि मे महिना आपला. टेबलावरचं पाणी दुपारी अंघोळीइतकं तापायचं, मुळं लिबलिबीत व्हायची आणि तुम्ही कांद्याला शिव्या घालायचात. हे काम तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीतच करायचात, सकाळी येऊन अकराला घरी. तुमची स्कूटर फाटकाबाहेर पडली की मी बाटल्या उचलून शिपायांच्या माठाखालच्या ओल्या रेतीत गळ्यापर्यंत रोवायचे, सकाळी तुम्ही यायच्या आत परत टेबलावर. आठवड्याभरात मुळं कशी ताठ झाली! तुम्ही मायक्रोस्कोपवरून डोकं काढेनात. मी म्हटलं, "सर, मी त्या बाटल्या माठाखाली रेतीत ठेवते." तुम्ही वर न बघता म्हणालात, "तू बाटल्या धू. डोकं मी चालवतो."

लेख छापून आला. परदेशातून कार्डं यायला लागली, आम्हाला एक प्रत पाठवा म्हणून. पाकिटं मी चिकटवते आहे, तिकिटांचा गोंद माझ्या जिभेवर आहे, आणि तुम्ही खुशीत म्हणताय, "शेवटी आभारात तुझंही नाव टाकलंय हो, बाई." मी गल्लीत गूळ-शेंगदाणे वाटले. एक प्रत मागून घेतली, देव्हाऱ्याखाली ठेवली. इंग्रजी मला कुठलं. आठ-दहा दिवसांनी कॉलेजातल्या टायपिस्ट बाईला, धुळ्याच्या त्या, म्हटलं, माझं नाव कसं दिसतं ते बोट ठेवून दाखव. तिनं पान दोनदा खालीवर केलं. "अक्का, बठ्ठास्ना नाव शेतस. प्रिन्सिपलनं, मन्हं, काचसामानवालानं बी. तुमनं नही शे."

काचसामानवाल्याचं होतं, सर. माझं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला तेच काम मोठं करून दाखवायचं होतं. बाहेरून पत्र आलं होतं, तुम्ही ते खिशात घेऊन हिंडत होता. मी बाटल्या धुतल्या. तुम्हीच सांगितलं होतं ना तसं, नुसत्या धुतल्या आणि टेबलावर ठेवल्या. मुळं सडली. तुम्ही म्हणालात कांदाच खराब. धुळ्याहून आणला, मग शिरपूरकडून आणला. तीन उन्हाळे तुम्ही पोती वाहिलीत आणि सडका कांदा मी उकिरड्यावर नेला. "बाई, त्या वर्षी काय केलं होतंस ग?" एवढं विचारायचं होतं. कांद्याला विचारलंत, पाण्याला विचारलंत, मला नाही. तो एक लेख, त्यानंतर दुसरा नाही. मेलात तेव्हाही कांद्यावरच राग होता म्हणतात.

नात म्हणते, पाठव ना कुणाला तरी हे. कुणाला पाठवू? देव्हाऱ्याखाली त्या प्रतीतच घालून ठेवते.

एक मात्र कबूल करते. तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा तुम्ही टेबलाशी दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. रेती हा शब्द माझ्या ओठापर्यंत आला होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बाई, पाणी." मी शब्द गिळला, आणि त्याच माठातलं गार पाणी तुमच्यापुढे नेऊन ठेवलं.