स्वयंपाकघर यांच्याकडेच राहील

मी, खाली सही करणारी, निवृत्त टायपिस्ट, आज माझ्या राहत्या घरी, कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर गरजेपेक्षा जास्तच शाबूत आहे, ते पुढे कळेलच. उभा जन्म वकिलांच्या कचेरीत दुसऱ्यांची मृत्युपत्रं टाइप केली आणि दरवेळी मनात आलं, माणसं मुद्द्याचं सोडून बाकी सगळं लिहितात. वकीलसाहेबांचा मुलगा आता स्वतः वकील आहे. त्याने माझा मसुदा वाचला आणि निम्म्या ओळींवर काट मारली. "मावशी, मृत्युपत्रात अंड्यांचा काय संबंध?" म्हणाला. संबंध आहे. त्याने काट मारलेलं सगळं मी परत घातलं आहे.

माझे पती पेशाने घड्याळजी. या दस्तात यापुढे त्यांचा उल्लेख 'हे' असा येईल, कारण लग्नापासून तो तसाच येत आला आहे. आम्हाला एकच मुलगा, तो 'चिरंजीव'. त्याची बायको 'सूनबाई'.

कलम पहिलं. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे, कारण यांना सह्या करायचा भारी कंटाळा. माझ्यामागे ते चिरंजीवाला मिळावं. मात्र त्यातलं स्वयंपाकघर, म्हणजे ओटा, शेगडी, सिंक, भांडी आणि भिंतींवर जे काही उडालेलं आहे त्यासकट, यांच्या हयातीत यांच्याच ताब्यात राहील. कोणीही, कितीही काळजीपोटी, यांना तिथून उठवू नये. हाच या दस्तातला मुद्दा. बाकीचं ओघाने आलं आहे.

हे लिहिण्याची वेळ का आली, तर चिरंजीव आणि सूनबाईंनी ठरवलं आहे की माझ्यामागे शेगडी काढून टाकायची आणि यांना दोन वेळचा डबा लावायचा. हे ठरलं तेव्हा मी शेजारच्याच खोलीत पडून होते. आजारी माणसाला ऐकू येत नाही असा तरुण मंडळींचा समज असतो. "आई आहे तोवर ठीक आहे," चिरंजीव म्हणत होता, "पण नंतर बाबा एक दिवस अख्खी बिल्डिंग पेटवतील."

त्याचं अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही.

कलम दुसरं, म्हणजे वस्तुस्थिती. मागच्या वर्षी माझं मोठं ऑपरेशन झालं आणि अन्नावरची वासनाच उडाली. डब्याचं नको, सूनबाईच्या हातचं नको, फळ नको. तोवर यांनी स्वयंपाकघरात पाण्याचा पेला सोडून कशाला हात लावला नव्हता. एके दिवशी दुकानातलं भिंग डोळ्याला लावून हे आत गेले आणि म्हणाले, "तू पडून राहा. एवढंसं यंत्र दुरुस्त करतो मी, सूप काय करता येणार नाही?"

मीठ यांनी चिमट्याने उचलून घातलं. तिथपर्यंत सगळं नीट होतं. मग मिक्सर लावला, झाकण न लावता. टोमॅटो छतावर गेले. पंखा चालू होता, हेही नमूद करते. डोळ्याला भिंग होतं म्हणून एक डोळा तरी वाचला. दुसरा मिटून, डोक्यापासून पायापर्यंत लालभडक, हे दारात येऊन उभे राहिले. "घाबरू नकोस, रक्त नाहीये," म्हणाले.

मी हसले. टाके दुखेपर्यंत हसले. आणि भांड्यात जे काही तळाला उरलं होतं, ते सगळं प्यायले. कित्येक दिवसांनी पोटात काहीतरी राहिलं. डॉक्टरीणबाईंनी नंतर औषधाला श्रेय दिलं, मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

आता अंड्यांचं. आमच्या घरात भिंतभर घड्याळं आहेत, पण ती गिऱ्हाइकांची, दुरुस्तीला आलेली. यांनी अंडी उकडायला ठेवली आणि समोरच्या घड्याळाकडे बघत बसले. ते घड्याळ बंद पडलं म्हणूनच तर आमच्याकडे आलं होतं! पाणी आटलं, करपल्याचा वास सुटला, मी आतून ओरडले, "अहो, झाली का अंडी?" हे म्हणाले, "थांब गं, अजून पाच मिनिटं आहेत." पुढच्या क्षणी पातेल्यात धडाधड बार उडाले. पिवळा बलक आजही चिमणीच्या मागे आहे. बाहेर येऊन यांनी एवढंच सांगितलं, "जरासं लागलंय." भात असो, दूध असो, बटाटे असोत, यांचं नेहमी जरासंच लागतं.

कलम तिसरं. खालच्या मजल्यावरचे ड्रॉइंगमास्तर. करपलेलं पातेलं भिजत घालून, नळ चालू ठेवून हे दुकानात निघून गेले. सिंकच्या तोंडाशी भात अडकला होता. पाणी खाली मास्तरांच्या छतातून त्यांच्या पलंगावर उतरलं. चूक आमची, मान्य. पण मास्तरांनी काय करावं? छतावरच्या ओल्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढली, आणि डाग वाढला की दरवेळी नवी रेघ. वर जिन्यात आमच्या नळाचं चित्र लावलं, नळाला यांच्यासारख्या मिशा काढून. चित्र उत्तम होतं, हे माझं प्रामाणिक मत. तेव्हापासून बोलणं बंद. काही सांगायचं असलं की खालून छतावर झाडूचा दांडा आपटतात.

यातलं सगळ्यात मोठं दुःख पुढे आहे. चिरंजीवाने गेल्या महिन्यात शेगडीची तिन्ही बटणं उपटली आणि नेऊन दिली ती मास्तरांना! "तुमच्याकडेच असू द्या. बाबा तुमच्याकडे मागायला यायचे नाहीत." खरंच आहे. हे मेले तरी जाणार नाहीत.

चिरंजीवाला वाटलं, प्रश्न मिटला. अरे बाबा, ज्या माणसाने जन्मभर चिमट्यांनी आणि पकडींनी कामं केली त्याला बटण कशाला लागतं? हे तेव्हापासून शेगडीची उघडी दांडी पकडीने फिरवतात. किती उघडली, पुरती बंद झाली की नाही, काही कळत नाही. मी पलंगावरून कान लावून बसते. आधी फक्त अंडी उडायची, आता मला खरोखर भीती वाटते. सबब, शेगडीची तीन बटणं ही माझ्या मालमत्तेत मोडतात, आणि ती मी यांना देते. ज्यांच्या ताब्यात असतील त्यांनी मुकाट्याने परत करावीत.

या दस्ताला साक्षीदार म्हणून मी मास्तरांनाच बोलावणं धाडलं आहे. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून दमडीचा लाभ होता कामा नये. लाभ सोडाच, उलट नुकसानच ठरलेलं आहे असा दुसरा माणूस मला कुठे मिळणार? येतील की नाही, देव जाणे.

कलम चौथं. पाहुण्यांसाठीच्या चांगल्या बशा सूनबाईला. त्या कपाटात नाहीत, माझ्या पलंगाखालच्या सूटकेसमध्ये आहेत. कोणापासून लपवल्या ते विचारू नये. सूनबाई मनाने चांगली आहे. टेबलावर स्टूल चढवून छतावरचे टोमॅटो तिनेच पुसले, आणि पुसताना तीही हसत होती, हे मी पाहिलं आहे. टाइपरायटर वकिलाच्या मुलाला, म्हणजे काट मारायला काहीतरी राहील. तळ गेलेलं काळं पातेलं कोणी टाकू नये.

कलम पाचवं. माझं मनगटी घड्याळ यांना. लग्नाआधी तेच दुरुस्त करायला मी यांच्या दुकानात गेले होते. एक साधा स्क्रू सैल होता, आणि या सद्गृहस्थाने मला महिनाभर खेपा घालायला लावल्या. "आज नाही झालं, परवा या." पुढे ते कधीही थांबलं नाही. या घरात बरोबर वेळ दाखवणारं तेवढं एकच घड्याळ आहे. ते शेगडीसमोरच्या खिळ्याला टांगावं आणि यांनी त्याच्याकडे बघून अंडी उकडावीत. इतर घड्याळांकडे ढुंकूनही पाहू नये.

चिरंजीवा, तुझ्यावर माझा राग नाही. तुला बाबांची काळजी आहे, मलाही आहे. पण डबा आला की हे तो उघडतील, खातील, धुऊन ठेवतील आणि खुर्चीत बसून राहतील. तसं बसलेलं यांना मला बघवणार नाही, आणि मी तर तेव्हा नसेन. अहो, तुम्ही करत राहा. लागू दे जरासं.

स्थळ : आमचं स्वयंपाकघर, ओट्याशेजारचं टेबल.
दिनांक : नऊ नोव्हेंबर, डॉक्टरीणबाईंच्या मोबाईलप्रमाणे.
सही : (माझीच)

साक्षीदार दुसरी, डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. मला त्यांनी दोनदा गप्प बसवलं. सही.

साक्षीदार पहिला, खालच्या मजल्यावरचा ड्रॉइंगमास्तर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. माझ्याविषयीचा मजकूर वाचला, मिशांबद्दलचं मत मान्य. बटणं येताना खिशातून आणली होती. ती मी स्वतः शेगडीला बसवली आहेत आणि तिन्ही नीट फिरतात. बाईंच्या माघारी रोज संध्याकाळी गॅस बंद आहे का ते मी वर येऊन बघेन. हा लाभ नाही, त्यामुळे साक्षीला बाध येऊ नये. सही करण्याआधी घड्याळजींनी सूप दिलं. जरासं लागलं होतं. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. सही.