पत्ता तोच ठेवला आहे

४ जानेवारी २०२५, शनिवार
ही वही फक्त प्रगती मोजण्यासाठी. भावना लिहायच्या नाहीत.
वस्तुस्थिती: बाबांनी पेणच्या रामवाडीतल्या फ्लॅटसाठी कर्ज काढलं तेव्हा सहकर्जदार मी. माझ्या पहिल्या पगाराची स्लिप जोडली होती. बाबा गेले, हप्ते थकले, बँकेने सील लावून लिलाव केला. मार्च २०२१ पासून आई आणि मी पेणजवळच्या जिते गावात भाड्याने. लिलावानंतर उरलेली रक्कम मी फेडली. दाखला फाईलमध्ये आहे.
सिबिल स्कोअर ६९२. ७५०ला पोचला की पुन्हा गृहकर्ज मिळतं. दिवाळीला आम्ही रामवाडीत. अडचण दिसत नाही.

१९ जानेवारी
आईने पुन्हा विचारलं, आधारवरचा पत्ता कधी बदलणार, गॅसवाला कटकट करतो. नको म्हटलं. दिवाळीत परत रामवाडीच करायचा आहे, एकच काम दोनदा कशाला. हॉलमधले तीन खोकेही तसेच आहेत. उघडले की पुन्हा बांधावे लागतील.
आई म्हणाली, चार वर्षं म्हंजे तात्पुरतं व्हय गो?
कंपनीत जायला निघाले. गाडीची वेळ झाली होती.

१ फेब्रुवारी
रामवाडीला पोस्ट आणायला. महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी.
आमचा फ्लॅट लिलावात रेबेकाबाईंच्या मुलाने घेतला. एझ्रा. तो इस्रायलला असतो. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. माझी पत्रं एका कापडी पिशवीत ठेवतात. चहा विचारला. घेतला नाही.
दाराच्या चौकटीवर त्यांच्या ज्यू धर्माची पितळी नळी तिरकी बसवली आहे. खालचा स्क्रू ढिला. माझा संबंध नाही.

२२ मार्च
या महिन्यातली रामवाडीची तिसरी फेरी. पोस्ट नव्हतं. नाही याची खात्री करणंही आवश्यक असतं.
गिझरचा वॉल्व्ह गळत होता. तो मीच बसवलेला. वीस मिनिटांत बदलला. बाई म्हणाल्या, एझ्राला फोन केला की तो सांगतो प्लंबर बोलाव, आणि प्लंबर सांगतो उद्या येतो. तू बरी गो. पैसे देऊ लागल्या. घेतले नाहीत. उपकरणाची जबाबदारी बसवणाऱ्यावर असते.
अर्धा कप चहा घेतला.
कर्जाबद्दल बोलले नाही. गरज नसताना माहिती देऊ नये.

१४ जून
स्कोअर ७३८.
रोह्याच्या कंपनीत, कंट्रोल रूममध्ये, माझ्या पाळीतल्या सुरभीने स्क्रीनवर पाहिला. म्हणाली, आकडा म्हंजे सगळं नाय गो, बँकेचा माणूस घरी येतो बघायला. माझ्या भावाच्या वेळी शेजारणीला विचारून गेला, हा दारू पितो काय.
सुरभी प्रेशर गेजवरही टिचकी मारल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. दुर्लक्ष.

२ ऑगस्ट
स्कोअर ७५४. नियोजनाच्या सहा आठवडे आधी.
त्याच इमारतीत, आमच्या बरोबर खालचा फ्लॅट विकायला आहे. खोल्यांची मापं तीच. पडदे बसतील. टोकन ५१ हजार दिलं. करारातलं कलम ७: कर्ज नामंजूर झाल्यास टोकन परत नाही. लागू होणार नाही.

८ ऑगस्ट
नव्या बँकेत अर्ज. तिथले अधिकारी विशाल नावाचे. म्हणाले, ताई, तुमचं जुनं प्रकरण आहे, तेव्हा बाकी सगळं चोख लागेल, एक कागद इकडचा तिकडे नको. मी म्हटलं, माझं काम कॅलिब्रेशनचं, मोजणारी यंत्रं अचूक करण्याचं आहे. ते हसले. का ते कळलं नाही.
'सध्याचा पत्ता' या रकान्यात रामवाडी लिहिलं. आधारवर तोच आहे. खोटं नाही. दोन महिने आधी लिहिलेलं खरं.

२४ ऑगस्ट
आई म्हणाली, यंदा तरी गणपती आणू. चार वर्षं झाली, अख्ख्या पेणमध्ये आपलंच घर रिकामं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी रामवाडीत आणू. आईने कपाटातला पाट खाली काढला, पुसला, परत वर ठेवला.

१३ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०
पहिली पाळी करून रोह्याहून परतताना रेबेकाबाईंचा फोन. आवाज खूश.
एक पोरगा तुझी चौकशी करत आला होता, फाईल घेऊन. स्थळाकडचा असणार, मला लगेच कळलं. म्हणून मी भरपूर चांगलं सांगितलं. मुलगी गुणी. कुणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय. इथं राहत नाय, आईला घेऊन जित्याला राहते, पण माझा गिझरसुद्धा बघून जाते. हे घर आधी त्यांचंच होतं, बँकेने ओढून घेतलं, तरी पोरीने कधी तोंड वाकडं केलं नाय. त्याने सगळं लिहून घेतलं गो. दाराचा फोटोसुद्धा काढला.
मी आभार मानले.
माहिती तपासून पाहिली. त्यात एकही चूक नाही.

२० सप्टेंबर
विशाल यांचा फोन. नामंजूर. म्हणाले, ताई, भाड्याने राहता एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. भाड्याने राहणाऱ्यांनाच तर घर लागतं.
कलम ७ लागू झालं.
आईला सांगितलं, प्रक्रिया चालू आहे.

११ ऑक्टोबर
नामंजुरीचं पत्र अर्थात रामवाडीला आलं. बाईंनी पिशवीत जपून ठेवलं होतं. विचारलं, स्थळाचं काय झालं? मी म्हटलं, त्यांना पत्ता पसंत पडला नाही. बाई म्हणाल्या, मग सुटलीस. पत्ता बघून मुलगी करणारी माणसं कसली.
पूर्ण कप घेतला. निघताना चौकटीवरचा स्क्रू आवळला.

१८ ऑक्टोबर
आधार केंद्र, पेण. पत्ता बदलायला. तिथल्या मुलीने विचारलं, जित्याला किती वर्षं? साडेचार. मग इतके दिवस काय केलं? फॉर्ममध्ये हा रकाना नाही.
भाडेकरार मागितला. तो नोंदवलेला नाही. घरमालक केरूदादा तयार होते, मीच नको म्हटलं होतं. परत पाठवलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
ड्युटीवरून आले तर तिन्ही खोके उघडलेले. मला न विचारता. डबे फळीवर, पडदे लावलेले. एक वीत लांब होतात, जमिनीला टेकतात. प्रक्रियेचं आईने विचारलं नाही. तिला कधीपासून माहीत आहे, तेही मी विचारलं नाही.
तिसऱ्या खोक्यात रामवाडीच्या दारावरची बाबांच्या नावाची पाटी होती. आई म्हणाली, लाव गो इथं.
ड्रिलचा आवाज ऐकून केरूदादा आले. म्हणाले, भाड्याच्या भिंतीला भोकं पाडायची नायत.
पाटी सुतळीने कडीला बांधली. सरळ राहत नाही.