नालेची अंगठी आणि कचऱ्याचं पोट

हिंगोली, कचरा डेपोशेजारचं पत्र्याचं शेड

तीर्थरूप पार्वतीमामीस,

हनुमानचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला, म्हशीचं वासरू, समदं बराबर असंल असं धरून चालतो. फोन केला न्हाई, कारण फोनवर तुमी मला बोलू देत न्हाई.

सांगायचं असं, की मी अजून कामावर आहे. (बसून घ्या.) शहराबाहेर कचऱ्याचा डोंगर झालाय, त्याच्या पोटात काय आहे ते न खोदता पाहायचं. त्यासाठी एक साहेब आणि पुनम मॅडम आल्यात. जमिनीत सळया ठोकून करंट सोडतात, मग कचऱ्याचं घाण पाणी कोणीकडं मुरतंय ते कळतं. दुसऱ्या यंत्राला लांब दांडा आहे. तो घेऊन सरळ रेषेत चाललं, की खाली लोखंडी पिंपं गाडलीत का ते समजतं. चालायला मी. जन्मात पहिल्यांदा भटकायचा पगार मिळून राहिला. (इथं एक शेळी आहे, ती रोज माझीच चप्पल चावते. काहून ते कळत न्हाई. असो.)

तर मी चाललो तिथं नकाशात लोखंडच लोखंड. साहेबांना वाटलं, कोणीतरी विषाची पिंपं पुरलीत. उताराला रखमाजीकाकांची विहीर आहे. त्यांनी भिऊन बैलांनाही तिचं पाणी पाजणं सोडलं. मग मॅडम त्याच रेषेवर चालल्या, तर काहीच न्हाई. पुन्हा मी चाललो, पुन्हा पिंपं. साहेबांनी माझा पट्टा काढला, चाव्या काढल्या, शेवटी चेन आहे म्हणून पँटसुद्धा. रखमाजीकाकांचं धोतर नेसून चाललो, तरी पिंपं.

अंगठीचं मी बोललोच न्हाई. माझ्या पायाला भिंगरी, एक नोकरी टिकत न्हाई म्हणून तुमी घोड्याच्या नालेची अंगठी मंत्रून घातली, अन् "लगीन ठरायच्या आत काढलीस तर माझं मेलेलं तोंड पाहशील" म्हणालात. साहेब लोखंड काढा म्हणाले होते, पण मला वाटलं, मंत्रलेलं लोखंड लोखंडात धरत नसतील. शेवटी मॅडमला बोट दिसलं.

"हे काय आहे रे, हनुमान?"

"शनीचं आहे, मॅडम."

साहेब डोक्याला हात लावून कचऱ्यावरच बसले. रखमाजीकाका म्हणाले, "लेकरा, तुझ्या शनीपायी माझे बैल नदीपर्यंत पाण्याला जाऊन राहिले की रे."

आता साहेब म्हणतात, अंगठी ठेव न्हाईतर नोकरी. जी नोकरी टिकावी म्हणून घातली, तीच तिच्यापायी जाऊन राहिली. तेव्हा मामी, तेवढी शपथ सोडवा.

तुमचा,
हनुमान

ता. क. : उत्तराची घाई करू नका. अंगठी कालच काढली. साबणानं निघंना म्हणून कापावी लागली. तुमची तब्येत खरंच बरी आहे ना, तेवढं तातडीनं कळवा.

ता. क. दुसरा : आता नकाशा साफ येऊन राहिला. पिंप एक न्हाई, घाण पाणीही विहिरीच्या उलट्या अंगाला चाललंय. बैल घरचं पाणी प्यायला लागले. पण अंगठी निघाल्यापासून माझे तळपाय खाजून राहिले. कनेरगाव नाक्यावर मोहनसिंग ड्रायव्हर भेटला, त्याचा ट्रक शनिवारी हळद घेऊन लांब चाललाय आणि त्याला क्लीनर पाहिजे. मॅडम म्हणतात, तांबं या यंत्राला दिसत न्हाई. तर एक तांब्याची मंत्रून शुक्रवारच्या आत पाठवा. जरा घट्टच करा.